कोरडं ते बंद, ओलं ते उघडं

रोहिणी नक्षत्र निम्मं सरलं की कोकणातली घरं एकदम कामाला लागतात. या दिवसांना तिकडे आगोट म्हणतात. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, जाडं मीठ, लाकूडफाटा, सगळं पावसाआधी घरात यायला हवं. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात आणि मडगावच्या चर्चच्या फेस्ताला तिचा बाजार भरतो. घाटावर गहू-ज्वारीला ऊन दाखवून कोठ्या भरल्या जातात. सात-आठ जूनला मृग लागतो, त्याच्या आत हे उरकायचं.

आता हे सगळं कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटतं. दुकान बारा महिने उघडं असतं, किराणा तर दहा मिनिटांत दारात येतो. खरं आहे. पण दारात आलेला किराणा शेवटी आपल्याच घरात मुक्काम करतो, आणि घरातली हवा जुलैत कुणाला सवलत देत नाही. रव्याला जाळी लागते, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढुरकी बुरशी चढते. बेगमी संपली असेल, पण ज्या ओलीपायी ती करावी लागे ती तशीच आहे.

म्हणून तर युक्त्यांना इतका भाव असतो. तांदळात लवंगा टाका, कोथिंबीर कागदात गुंडाळा, कपड्यांच्या घड्या न घालता गुंडाळ्या करा. रोज सकाळी मोबाइलवर अशी एखादी युक्ती येतेच. त्या खोट्या असतात असं नाही, बऱ्याच चांगल्या असतात. पण कारण न कळता उचललेली युक्ती भलत्या ठिकाणी वापरली जाते. कोथिंबिरीचा कागद कुणी पापडांच्या डब्यात घालतं, आणि पापडांची हवाबंद पिशवी कुणी कोथिंबिरीला लावतं. मला स्वतःला पन्नास युक्त्यांपेक्षा एक प्रश्न पुरतो. समोरची वस्तू वाळलेली आहे, की तिच्यात अजून पाणी आणि श्वास आहे? वाळलेली असेल तर ती पक्की बंद करावी. ओली, श्वास घेणारी असेल तर तिला वारा लागू द्यावा. घरात जे नासतं, कुबट होतं, त्यातलं बरंचसं याच्या उलट वागल्यामुळे. गव्हाच्या पोत्याचं तोंड उघडं असतं, पालेभाजी मात्र गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घुसमटत असते, आणि मे महिन्यातलं घामेजलेलं शरीर अंगाला चिकटलेल्या कृत्रिम कापडात.

बंद करणं म्हणजे काय, हे बघायचं तर सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवावीत. जमिनीत खोल खणलेलं, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळतं असं हे कोठार. हळद भरायची आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकायचं. सांगलीच्या हळदबाजाराचा लौकिक वाढला त्यात या पेवांचा मोठा वाटा आहे. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात ज्वारीही अशीच पेवात जायची. त्यात ना औषध, ना धुरी. मग माल टिकायचा कसा? आत कोंडलेली जी काही हवा असेल तिच्यातला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून वापरून टाकतात. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडे जगत नाहीत. दाणा मात्र कोरडा असेल तर तसाच झोपून राहतो. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हा दंडक याचसाठी. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग दिवा आत सोडून बघायचा. तो विझला तर माणसाने पाऊल घालायचं नाही. या दंडकाकडे दुर्लक्ष झालं तेव्हा माणसं गुदमरून मेलेली आहेत. २००५च्या महापुराने हरिपूरच्या पेवांत पाणी भरलं आणि मग साठवणीचा ओघ शीतगृहांकडे वळला.

आपल्या ओट्याखालचा डबा हे एक लहानसं पेवच आहे, पण आपण ते अर्धं रिकामं ठेवतो आणि दिवसातून चारदा उघडतो. अर्ध्या डब्यात अर्धी हवा असते, आणि तेवढी हवा किड्यांना पुरते. म्हणून पहिली गोष्ट अशी की पंधरा किलोच्या एका पिंपापेक्षा तीन-तीन किलोचे पाच डबे बरे, तेही काठोकाठ भरलेले. एक संपला की दुसरा फोडायचा. जुन्या घरांत कोठीची खोली वेगळी आणि स्वयंपाकघरातला रोजचा डबा वेगळा असायचा, त्यामागचा हिशेब हाच होता. रोजच्या डब्यात पावसाळी हवा शिरली तरी नुकसान आठवड्याच्या धान्यापुरतं.

आणि बंद करण्याआधी ते खरोखर वाळलेलं हवं. इथेच बहुतेकांची घाई होते. गव्हाचा ओलावा बारा टक्क्यांच्या खाली गेला की तो टिकतो. घरात मोजायचं यंत्र नसतं, पण दात असतात. दाणा दाताखाली धरला आणि कट्‌कन तुटला तर वाळला. चावताना दबला, चिवट लागला तर अजून एक ऊन हवं. ऊन दाखवल्यावर धान्य गरम असतानाच डब्यात कोंबलं तर रात्री डबा थंड होताना आत घाम धरतो, आणि दिवसभराची मेहनत त्या घामात जाते. संध्याकाळी सावलीत पसरून पुरतं निवू द्यावं, मग भरावं.

दुकानातून आणलेल्या स्वच्छ, पाकीटबंद तांदळात सोंडे येतात कुठून, असं अनेकांना कोडं पडतं. ते बाहेरून येतातच असं नाही. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. आपण तांदूळ आणतो तेव्हा तो दिसायला निर्मळ असतो आणि महिन्याभराने चालू लागतो. रव्या-पिठातही अशी न दिसणारी अंडी असू शकतात, म्हणून रवा, बेसन, मैदा आणल्या आणल्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरणं ही मला अलीकडच्या काळातली सगळ्यात उपयोगी युक्ती वाटते. थंडीने अंडी मरतात. मात्र फ्रीजरमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नये, नाहीतर गार पिठावर हवेतली वाफ धरते. रवा भाजून ठेवायची पद्धत तर आपल्याकडे आहेच. तिचं कामही तेच, आणि वर शिऱ्याची घाई असेल तेव्हा निम्मा वेळ वाचतो.

मूग, मटकी, चवळी या अख्ख्या कडधान्यांचा भुंगा वेगळा. तो अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. त्यामुळे त्यांना एरंडेलाचा हात फिरवतात; तेलकट सालीवर अंडी नीट चिकटत नाहीत, चिकटलीच तर गुदमरतात. राख मिसळायची रीतही याच वळणाची. राखेने दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि भुंग्याला हिंडायला जागा उरत नाही. लवंग, कडुलिंबाचा पाला, बिब्बा यांचा वास किड्यांना नकोसा असतो, एवढंच त्यांचं काम. ओलसर गव्हात किलोभर लवंगा घातल्या तरी गहू वाचणार नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. ‘धुताना निघून जाते’ असं म्हणतात. निघून जात असेलही, पण जे पोटात जाऊ नये ते धान्यात घालायचंच कशाला? आणि गोदामात धुरी देण्यासाठी असतात त्या विषारी गोळ्या घरात आणूच नयेत. त्यांचा वायू बंद खोलीत पसरतो आणि झोपलेली माणसं दगावतात. अशा बातम्या अधूनमधून येतात.

आता दुसरी बाजू, ओल्या आणि जित्या वस्तूंची. काढणीनंतरही कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, पाणी सोडतो, संधी मिळाली की कोंब काढतो. नाशिक जिल्ह्यात रस्त्याकडेला दिसणाऱ्या कांदाचाळी नीट पाहाव्यात. तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी, ढीग अरुंद, म्हणजे खालून आणि बाजूने वारा खेळता राहावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. तो विणलेल्या माळांनी विकला जातो आणि घरात टांगला जातो. प्रत्येक कांद्याला चहूबाजूंनी हवा. फ्लॅटमध्ये एवढं जमणार नाही, पण जाळीची टोपली जमते. ओट्याखालचं बंद कपाट ही कांद्याची जागा नव्हे. बटाटा त्याच्याजवळ ठेवू नये, कारण बटाट्याची ओल कांद्याला सडवते. आणि बटाट्याला उजेडही नको, तो हिरवा पडला की खाण्याजोगा राहत नाही. केळीही वेगळीच ठेवावीत. ती स्वतः पिकताना जो वायू सोडतात त्याने शेजारची फळंही घाईघाईने पिकतात.

कोथिंबिरीपाशी मात्र माझा नियम जरा वाकतो. उघडी ठेवली तर ती तासाभरात मान टाकते, घट्ट बांधली तर काळी पडते. तिला सुकवतो वारा आणि नासवतात ते पानांतून निघालेल्या वाफेचे थेंब. म्हणून निवडून, न धुता, कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. डबा वारा अडवतो, कागद थेंब टिपतो. कागद ओला झाला की बदलायचा, हे पुढचं वाक्य त्या मोबाइलवरच्या युक्तीत सहसा नसतं. मिरच्यांचे देठ काढून ठेवायचे तेही असंच, कारण सड देठापासून सुरू होते. पोळ्यांच्या डब्यातलं फडकंही थेंब टिपण्यासाठीच. पोळ्या निवेपर्यंत झाकण कलतं ठेवलं तर तळची पोळी भिजत नाही.

मिठाचं गणित अगदी सरळ आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून घेऊ लागतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाच पाझरतात. मुंबईत जुलैभर हवा या आकड्याच्या वरच असते, तेव्हा दोष मिठाचा नाही. काचेची किंवा चिनीमातीची बरणी, घट्ट झाकण आणि कोरडा चमचा, इतकंच.

अंगावरच्या कपड्यांना हाच प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं आहे, कारण माणूस ही सदैव ओली वस्तू आहे. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. खाली ठिबकलेला घाम काहीच नेत नाही. तेव्हा घाम टिपणारं कापड हवं, पण त्याहून जास्त त्याला उडून जायला वाट हवी. ‘उन्हाळ्यात सुती घाला’ हे आपण सांगतो. ‘सैल घाला’ हे सांगायला विसरतो. अंगाला घट्ट बसलेला सुती टीशर्ट भिजल्यावर फडक्याच्या पट्टीसारखा चिकटून राहतो. गळ्याशी मोकळा आणि बाजूंना चिरा असलेला सदरा चालताना आपोआप वारा खेळवतो. खालून हवा शिरते, वरून बाहेर पडते. सैलपणाचं महत्त्व किती, याचा एक मासला १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा तो शोध होता. काळं कापड जास्त तापतं खरं, पण झगा इतका सैल असतो की ती उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधी वाऱ्याने निघून जाते. अंगाला पोचणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच भरली. रंगावर वाद घालण्याआधी माप बघावं.

महाराष्ट्रातही एकच एक उन्हाळा नाही. चंद्रपूर-नागपुरात पारा ४५च्या पुढे जातो, म्हणजे हवा कातडीपेक्षा तापलेली असते. तिथे उघडं अंग म्हणजे चटका. डोकं, कान, तोंड दुपट्ट्याने बांधून बाहेर पडणाऱ्या विदर्भातल्या बायका आणि पुरुष बरोबर करतात. तो दुपट्टा ओला केला तर कोरड्या हवेत झकास गार राहतो, जसे तिथले कूलर. मुंबई-रत्नागिरीत पारा चौतिसावर असतो पण हवा आधीच पाण्याने भरलेली. तिथे ओला दुपट्टा ओलाच राहतो. कोकणातला शेतकरी उघड्या अंगाने, कमरेला पंचा लावून काम करतो, तो त्या हवेला योग्य पोशाख आहे. नागपूरची युक्ती मुंबईत आणून ती चालत नाही म्हणून हळहळणं व्यर्थ.

पावसाळ्यात मात्र सुताची भक्ती थोडी आवरावी. साधारण हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के पाणी धरून असतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जुलैत दोरीवर तिसऱ्या दिवशीही दमट लागणारी जीन्स आणि रातोरात वाळणारी मिश्र कापडाची विजार, यांतला फरक तो हा. टेरीकॉट एकेकाळी घरोघर शिरलं ते केवळ फॅशनपायी नव्हे. पावसाळ्यापुरतं मिश्र कापड वापरणाऱ्याला नावं ठेवण्याचं कारण नाही, फक्त आतले कपडे सुतीच आणि पूर्ण वाळलेले असावेत. न वाळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला, मग पंख्याखाली हातभर अंतर सोडून टांगला, तर बराच लवकर वाळतो. लोकर याहून वेगळी. ती साधारण हवेतच सोळाएक टक्के ओल पोटात घेते आणि तरी ऊब सोडत नाही, म्हणून धनगराची घोंगडी पावसात खोळ होते आणि रात्री पांघरूण.

पैठणीचं थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, मऊ सुती कापडात हवी. डांबरगोळी जरीला टेकू नये. आणि काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालावी, नाहीतर रेशीम घडीच्या रेषेवरच चिरतं.

राहिलं बांधाबांधीचं. प्रवासाची पिशवी अवघड, कारण तीत कोरडं आणि ओलं एकाच घरात नांदवायचं असतं. हे शिकायला वारकऱ्याइतका चांगला गुरू नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तीनेक आठवडे, आणि तेही ऐन ज्येष्ठ-आषाढात. खांद्याला एक हलकी पिशवी, वर मेणकापड, बाकीचं गाठोडं दिंडीच्या ट्रकमध्ये. अंगावर एक जोड, वाळत एक जोड, आणि रात्रीचा एक जोड कोणत्याही परिस्थितीत कोरडाच. या तिसऱ्या जोडाला हात न लावणं ही खरी शिस्त. कपड्यांची गुंडाळी करा की घडी घाला, हा वाद गौण आहे. गुंडाळीने सुरकुत्या थोड्या कमी पडतात, जागाही थोडी वाचते. खरा फरक पडतो तो छोट्या पिशव्यांनी. कोरडं एकीत, वापरलेलं सुती पिशवीत, आणि भिजलेलं प्लास्टिकमध्ये, पण मुक्कामाला पोचेपर्यंतच.

परदेशातल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांची बॅग हा वेगळाच विषय. तेवीस किलोत लोणचं, मेतकूट, गोडा मसाला, चकल्या आणि उरलेल्या जागेत कपडे. लोणचं सांडतं ते बहुधा धक्क्याने नव्हे. विमानाच्या आतला हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी केलेला असतो. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरच आहे. बरणीत जी मोकळी हवा राहते ती त्या दाबाला तृतीयांशाने फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. म्हणून बरणी शक्य तितकी भरलेली असावी, तोंडावर प्लास्टिक ताणून मग झाकण, आणि ती आणखी एका पिशवीत. शाम्पूची बाटली दाबून, हवा काढून बंद करावी. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका. तेलकट खोबरं ओल धरलं की आपोआप तापू शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे; तपासणीच्या रांगेत बॅग उघडून ते काढायला लावतात.

परत आल्यावर बॅग लगेच माळ्यावर टाकू नका. रिकामी करा, आतून कोरड्या फडक्याने पुसा, चेन उघडी ठेवून दोन दिवस खिडकीपाशी राहू द्या. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि दुसऱ्या दिवशी ते बदला.